कपाशीच्या मुलखात द्राक्षवेल

वर्धा, पुलगाव, हिंगणघाट या पट्ट्यातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींच्या वाचनांत आणि गीतांत वर्षभर ज्या झाडा-पिकांची नावे येतात ती अशी: द्राक्षवेल, अंजीर, जैतून, खजूर, गंधसरू, गहू, जव, मोहरी. चर्चच्या फाटकाबाहेर पडले की दिसतात ती कपाशी, तूर आणि सोयाबीन. धुऱ्यावर कडुनिंब आणि पळस, आर्वी-कारंजाकडे संत्र्याच्या बागा. जैतुनाचे झाड या जिल्ह्यात आयुष्य काढलेल्या बहुतेकांनी पाहिलेले नाही. द्राक्षे माहीत आहेत ती नाशिक-सांगलीकडून पेटीत बसून आलेली. तरीही उपासनेत द्राक्षवेलीचे गीत सुरू झाले की म्हाताऱ्या बायाही डोळे मिटून ते मनापासून म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या, दुसऱ्याच हवामानातल्या बागेची भाषा काळ्या कपाशीच्या मातीत कळते कशी?

उत्तराचा काही भाग शेतीत आहे, काही मराठी कवितेत. आणि एक भाग, जो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही, तो सेवाग्रामात आहे.

बागेपासून बागेपर्यंत

आधी मूळ ग्रंथाची मांडणी पाहू. बायबलची कथा बागेत सुरू होते. एदेन नावाच्या बागेत पहिला माणूस राखणदार म्हणून ठेवलेला असतो, आणि तिथल्या एका झाडाच्या फळावरून तो बाहेर काढला जातो. येशूच्या शेवटच्या रात्रीची व्याकूळ प्रार्थना गेथशेमाने इथे होते. तीही बागच, जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी. योहानाच्या शुभवर्तमानात त्याला पुरतात ती कबर पुन्हा एका बागेत असते. तिसऱ्या दिवशी पहाटे मरीया मग्दालीया तिथे रडत उभी असताना समोर आलेल्या येशूला ती ओळखत नाही. तिला वाटते, हा माळी असावा. ग्रंथाच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरणात, नदीच्या काठी एक झाड आहे. ते दर महिन्याला फळते आणि त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत.

म्हणजे माणूस बाग गमावतो आणि शेवटी बागेतच परत येतो, असा हा प्रवास आहे. गीत लिहिणाऱ्याला ही चौकट आयती मिळते. त्याने नुसते ‘बाग’ म्हटले की ऐकणाऱ्याच्या मनात एदेन, गेथशेमाने आणि कबरीची पहाट एकाच वेळी जागी होतात. दोन ओळींच्या कडव्यात एवढा अर्थ मावतो तो यामुळे. मरीयेचा तो गैरसमज मला या सगळ्यात सर्वांत सुंदर वाटतो. पहिल्या बागेच्या राखणदाराने जे घालवले ते परत आणणारा माळ्याच्या रूपातच दिसावा, यात योहानाची मोठी कविदृष्टी आहे.

बी वाटेवर पडले कसे?

येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला बहुतेकांना माहीत असतो. पेरणारा पेरायला निघतो. काही बी वाटेवर पडते, काही खडकाळ जागी, काही काटेरी झुडपांत, आणि काही चांगल्या जमिनीत पडून तीसपट, साठपट, शंभरपट पीक देते.

वर्ध्याच्या शेतकऱ्याला हा दाखला ऐकताना पहिली शंका येते ती सरळ आहे. बी वाटेवर जाईलच कसे? इकडे पेरणी म्हणजे बैलांमागे तिफण, चाड्यावर मूठ धरलेला माणूस किंवा बाई, आणि नळीतून थेट तासात पडणारा दाणा. कपाशी तर टोबतात, हाताने एकेक बी ठरलेल्या अंतरावर. वाटेवर बी सांडणारा पेरकरी इथे बेफिकीर ठरेल.

येशूच्या देशात, म्हणजे पॅलेस्टाइनमध्ये, मात्र गहू-जव फेकून पेरत. कमरेच्या झोळीतून मूठभर दाणे घ्यायचे आणि चालता चालता हात अर्धगोल फिरवून उधळायचे. शेताच्या कडेने आणि मधूनही पायवाटा असत. चुनखडीच्या डोंगरउतारावर मातीचा थर कुठे हातभर, कुठे चार बोटे. अशा जमिनीत अशी पेरणी केली तर थोडे बी वाया जाणे अटळच. एकदा हे कळले की दाखल्याचा रोख बदलतो. पेरणारा हयगय करत नाही. त्याच्याकडे बी भरपूर आहे आणि तो कोणत्याही जमिनीला आधीच बाद करत नाही. ज्याने तिफण धरली आहे त्याला हा फरक पटकन समजतो, कारण एकेका बियाण्याची किंमत त्याला ठाऊक असते.

गव्हाच्या दाण्याचेही तसेच. योहानाच्या बाराव्या अध्यायात येशू सांगतो, की दाणा जमिनीत पडून मेला नाही तर तो एकटाच राहतो, मेला तर पुष्कळ फळ देतो. वनस्पतिशास्त्र म्हणेल, दाणा मरत नाही. ते खरेच आहे. पण होते काय ते पाहा. ओल्या मातीत दाणा पाणी शोषून फुगतो. आतला इवलासा कोंब जागा होतो आणि दाण्यातल्या पिठाची साखर व्हायला लागते, कारण कोंबाला पीठ तसेच्या तसे खाता येत नाही. मूळ खाली जाते, पाते वर येते. काही दिवसांनी ते रोप हलकेच उपटून पाहा. मुळांच्या वर एक सुरकुतलेले, पोकळ टरफल लोंबत असते. दोन बोटांत दाबले तर चपटे होते, आत काहीच उरलेले नसते. रब्बीच्या शेतात हे टरफल पाहिलेल्या माणसाला ‘मरणे’ हा शब्द बरोबर कळतो. दाण्याने आपले सगळे दिलेले असते.

छाटणीचा अर्थ

द्राक्षवेलीचे रूपक सर्वांत जास्त गायले जाते, आणि इथेच थोडी माहिती फार उपयोगी पडते. योहानाच्या पंधराव्या अध्यायात येशू स्वतःला वेल म्हणतो, शिष्यांना तिचे फाटे आणि पित्याला बागवान. फळ न देणारा फाटा बागवान काढून टाकतो, आणि देणारा अधिक द्यावा म्हणून त्याचीही छाटणी करतो. फळ देणाऱ्यावरही कात्री का?

वेलीचा स्वभाव असा की मागच्या हंगामात पक्व झालेल्या काडीवर जे डोळे असतात त्यांतून नवी फूट येते, आणि घड लागतात ते या कोवळ्या फुटीवर. न छाटलेली वेल पसरतच जाते. पाला दाट होतो, आतल्या डोळ्यांना ऊन मिळत नाही, घड लहान आणि विरळ होतात. छाटणीने वेलीची ताकद मोजक्या डोळ्यांकडे वळते. पॅलेस्टाइनमध्ये थंडीत वेल पाने गाळून झोपी जाते, म्हणून तिथे वर्षातून एकदा, हिवाळ्यात छाटतात. आपल्याकडे वेल अशी झोपत नाही. म्हणून नाशिकच्या बागेत दोन छाटण्या लागतात: एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमाराला फळछाटणी. खरड छाटणीनंतरची बाग पाहिली तर काळजात धस्स होते. मांडवावर ओंडके आणि खुंट एवढेच. पण त्यातूनच पुढच्या हंगामाची फळकाडी तयार होते.

आर्वी-आष्टीकडचा संत्रेवाला हे न पाहताही समजू शकतो. त्याच्या बागेत कात्रीचे काम थोडे: वाळलेली सल काढायची, पाणसोट काढायचे. पण आंबिया बहार हवा तर हिवाळ्यात बागेचे पाणी तोडून तिला ताण द्यावा लागतो. पाने मलूल होतात, काही गळतात, पाहणाऱ्याला वाटते बाग गेली. मग पाणी दिले की फुलांनी झाड भरते. दुःखात सापडलेल्या कुटुंबात प्रार्थनेला बसल्यावर हेच वचन का वाचले जाते, ते त्याला समजावून सांगावे लागत नाही.

वेलीपासून तुटलेल्या काडीबद्दल यहेज्केल संदेष्ट्याने फार कठोर निरीक्षण केले आहे. इतर झाडे तोडल्यावर लाकडाला तरी येतात. वेलीच्या काडीची साधी खुंटीसुद्धा होत नाही. ती वेलीवर आहे तोवरच कामाची.

जंबेरीच्या खुंटावर

शेतीच्या ओळखीने अर्थ कळतो. पण गीत ओठांवर बसायला भाषेचीही सोय लागते, आणि ती कशी झाली हे सांगायला संत्र्याचीच रोपवाटिका बरी.

नागपुरी संत्रा सहसा बियांपासून लावत नाहीत. आधी जंबेरीचे रोप वाढवतात. हे आंबट, रानटी वाणाचे लिंबू. त्याचे खोड पेन्सिलीएवढे जाड झाले की जमिनीपासून वीतभर उंचीवर सालीला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर देतात. चांगल्या संत्र्याच्या फांदीवरून ढालीच्या आकाराचा एक डोळा सालीसकट अलगद काढतात, त्या चिरेत सरकवतात आणि पट्टीने घट्ट बांधतात. याला डोळा भरणे म्हणतात. डोळा जगला, फुटू लागला, की वरचे जंबेरीचे शेंडे कापून टाकतात. पुढे झाडाला येतात ती संत्री. पण जमिनीतले पाणी, चुनखडी, रोग यांच्याशी झुंजते ते जंबेरीचे मूळ.

मराठी ख्रिस्ती गीत असेच तयार झाले आहे. डोळा पॅलेस्टाइनचा, खुंट मराठी भक्तिकवितेचा. पहिला मोठा प्रयत्न गोव्यात झाला. इंग्लंडहून आलेले जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी बायबलची कथा मराठी ओव्यांत लिहिली आणि १६१६ मध्ये ती रायतूर इथे छापली गेली. तेच ‘ख्रिस्तपुराण’. मराठीची थोरवी सांगताना त्यांनी ती फुलांतल्या मोगऱ्यासारखी आहे असे म्हटले, आणि स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द बेधडक वापरला. परदेशी माणसाने कोकणच्या अंगणातले फूल उचलून ख्रिस्तकथेच्या दाराशी ठेवले, ही घटना चारशे वर्षांनंतरही मोठी वाटते.

दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे. कोकणात जन्मलेले टिळक ख्रिस्ती होण्याआधी नागपुरात आप्पासाहेब बुटी यांच्याकडे संस्कृत ग्रंथांच्या कामावर होते. १८९३ मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे बोलणे झाले आणि त्याने त्यांना नवा करार वाचायला दिला. म्हणजे मराठी ख्रिस्ती गीतांचा हा झरा विदर्भाच्या रेल्वेमार्गावर मोकळा झाला. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत झाला आणि नंतरचे बहुतेक काम अहमदनगरला. मराठी वाचक त्यांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. ‘वनवासी फूल’ हे दीर्घकाव्य त्यांचेच. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. उपासनेत त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. मराठी प्रॉटेस्टंट चर्चमधल्या ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकात त्यांची गीते आजही मोठ्या संख्येने आहेत.

खुंट इतका तयार का होता, ते आपल्याला माहीतच आहे. ज्ञानेश्वरांच्या मोगऱ्याच्या अभंगात इवल्या रोपाचा वेल आभाळाला भिडतो. अरणच्या सावता माळ्यांना भाजीच्या वाफ्यातच विठ्ठल सापडतो. देव मळ्यात भेटतो, भक्ती वेलीसारखी वाढते, हे मराठी कानाला शतकानुशतके ठाऊक होते. वेल आणि फाटे हे नाते तिथे अलगद रुजले. मोहरीच्या इवल्या दाण्याचे झाड होते हा दाखलाही तसाच. उलट इंग्रजी चालींवर शब्द बसवलेली काही भाषांतरित गीते मला आजही कोरडी वाटतात. त्यांतली बर्फातली फुले आणि शिशिरातले वारे इथे कुणाच्या अंगाला लागत नाहीत.

कलमाची भाषा बायबलातही आहे, फक्त उलटी. रोमकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल म्हणतो, की यहुदी नसलेले विश्वासी हे रानटी जैतुनाच्या फांद्या आहेत, आणि त्यांचे कलम लागवडीच्या जैतुनावर झाले आहे. कुठलाही बागवान असे करणार नाही. रानटी खुंटावर गोड डोळा भरायचा ही रीत. आपण सांगतो ते निसर्गाविरुद्ध आहे, हे पौल स्वतःच कबूल करतो. संत्रेवाल्याला या उलटेपणाचे नवल इतरांपेक्षा जास्त वाटेल, आणि वाटायला हवे. पौलाला नेमके तेच सांगायचे होते: ही कृपा आहे, फांदीची कर्तबगारी नाही.

> झावळ्या कुठून आणायच्या?
>
> ईस्टरच्या आधीचा रविवार म्हणजे झावळ्यांचा रविवार. येशू यरुशलेमेत आला तेव्हा लोकांनी खजुरीच्या झावळ्या घेऊन त्याचे स्वागत केले, त्याची ही आठवण. खजूर नसलेल्या देशांनी जे हाताशी आहे ते घेतले. रशियात वाळुंजाच्या जातीच्या झाडाच्या लवदार कळ्यांच्या डहाळ्या, इंग्लंडात सदाहरित यू. कोकणात नारळ आहेच. विदर्भात नाल्याकाठी वाढणारी शिंदी ही तर खजुराची सख्खी बहीण, दोघींचा शास्त्रीय वंश एकच. कॅथलिक चर्चमध्ये या झावळ्या जपून ठेवतात आणि पुढच्या वर्षी त्या जाळून केलेली राख भस्म-बुधवारी कपाळाला लावतात.

चैत्रातले पुनरुत्थान

युरोपात ईस्टर म्हणजे वसंत. बर्फ वितळते, गवत उगवते, मेलेले जिवंत होते हे डोळ्यांना दिसते. वर्ध्यात त्या दिवसांत पारा चाळिशीकडे निघालेला असतो, शेते उलंगलेली, ढेकळे तापलेली. मग रूपक फसते का?

ईस्टरचा दिवस चंद्रावर ठरतो. २१ मार्चला किंवा नंतर येणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार तो ईस्टर. म्हणून तो बहुतेकदा चैत्री पौर्णिमेच्या आसपास येतो, कधी होळीच्या पौर्णिमेनंतरच. आणि चैत्रात आपल्याकडे एक विलक्षण गोष्ट घडते. पाऊस दोन महिने दूर असताना कडुनिंब नव्या पालवीने आणि बारीक पांढऱ्या फुलोऱ्याने भरतो, पिंपळाला तांबूस, तकतकीत पाने येतात. कोरड्या प्रदेशातली ही झाडे पाने गाळून पाणी वाचवतात. मग खोल मुळांनी ओढलेल्या आणि खोडात राखलेल्या पाण्यावर, दिवस मोठा होऊ लागताच, पावसाची वाट न पाहता पालवतात. तापलेल्या मातीत, वरून एक थेंब नसताना आलेली ही पालवी मला कबरीच्या पहाटेला युरोपातल्या वसंतापेक्षा जास्त जवळची वाटते.

द्राक्षमळ्यातली मजुरी आणि सेवाग्राम

मत्तयाच्या विसाव्या अध्यायात एक मळेवाला आहे. तो पहाटे मजूर लावतो, ठरलेली मजुरी दिवसाला एक दिनार. पुन्हा सकाळी, दुपारी, तिसऱ्या प्रहरी जाऊन आणखी माणसे आणतो. दिवस मावळायला तासभर उरला असताना अड्ड्यावर उभे असलेल्यांनाही तो मळ्यात पाठवतो, कारण त्यांना कुणी कामावर लावलेलेच नसते. संध्याकाळी सगळ्यांना सारखी मजुरी. पहाटेपासून राबलेले कुरकुर करतात.

वर्ध्यात कापूस वेचणीची मजुरी किलोवर असते, जेवढे वेचले तेवढे पैसे. त्या हिशेबाने शेवटी आलेल्याच्या पदरात चार किलोंचेच पैसे पडतील. दाखला विचारतो की चूल मात्र त्याच्याही घरी पेटायची आहे, त्याचे काय?

या दाखल्यातले ‘शेवटच्यालाही’ हे शब्द जॉन रस्किनने आपल्या अर्थशास्त्रावरच्या निबंधांचे नाव म्हणून घेतले. ‘अनटू धिस लास्ट’ १८६० मध्ये मासिकातून आले, १८६२ मध्ये पुस्तक निघाले. १९०४ मध्ये हेन्री पोलाक यांनी ते गांधीजींना जोहान्सबर्गहून डर्बनला जाताना वाचायला दिले. चोवीस तासांच्या त्या प्रवासात ते वाचून गांधीजींनी आपली राहणी बदलायचे ठरवले. १९०८ मध्ये त्याचा सारांश त्यांनी गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिले ‘सर्वोदय’. १९३६ मध्ये ते शेगावला राहायला आले, म्हणजे आजच्या सेवाग्रामला. मार्च १९४८ मध्ये, त्यांच्या हत्येनंतर काही आठवड्यांनी, रचनात्मक कार्यकर्ते तिथेच जमले आणि सर्वोदय समाजाची कल्पना उभी राहिली. द्राक्षमळ्याच्या एका गोष्टीने इतका लांबचा प्रवास करून वर्ध्याच्या मातीत मूळ धरले.

त्या मातीत ख्रिस्ती माणसेही होती. तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यात जन्मलेले जे. सी. कुमारप्पा यांनी वर्ध्यातल्या मगनवाडीत, जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, १९३४ पासून अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे काम उभे केले. येशूची शिकवण आणि आचरण यावर त्यांनी पुस्तक लिहिले, आणि शाश्वत अर्थव्यवस्थेवरही. निसर्गाकडून घ्यावे तेवढे परत द्यावे, हा त्यांचा हिशेब बागवानाचा आहे. पवनारच्या विनोबांनी नव्या करारातली वचने निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केले. या जिल्ह्यात बायबलचे मळे-दाखले चर्चच्या भिंतींपलीकडेही वाचले गेले आहेत.

हंगामाचा सण, आणि एक राहिलेले पीक

कापणीचा किंवा हंगामाचा सण या जिल्ह्यातल्या चर्चमध्ये नवा नाही. त्याची आजची पद्धत १८४३ मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये रॉबर्ट हॉकर या धर्मगुरूने सुरू केली. पण मूळ बायबलातल्या प्रथमफळाच्या टोपलीत आहे, जी शेतकऱ्याने देवासमोर ठेवायची. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि इतर मंडळ्या एकत्र येऊन २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्या परंपरेतल्या मंडळ्यांत हा दिवस मोठ्या आनंदाचा असतो. लोक धान्य, भाजी, फळे, कोंबडी, अंडी घेऊन येतात, वेदीपुढे मांडतात, आणि उपासनेनंतर त्यांची हर्रास होते. वैदर्भीय घरांत कापूस वेचणीच्या पहिल्या दिवशी सीतादही करण्याची, दहीभाताचा नैवेद्य दाखवण्याची चाल आहे. पहिले पीक आधी देवाला, ही भावना इथे आधीपासूनच होती.

पण कापूस गीतांत जवळपास नाही. बायबलातही तो फक्त एकदा, एस्तेरच्या पुस्तकात, इराणी राजवाड्यातल्या पडद्यांच्या रूपाने येतो. ज्या जिल्ह्यात हिंगणघाटच्या कापसाचे नाव विलायतेच्या बाजारापर्यंत गेले, तिथल्या मंडळीच्या ओठांवर कपाशीचे गीत नसावे, याची मला खंत आहे. बोंडाकडे नीट पाहायला हवे. फुलानंतर साधारण दीड महिना ते हिरवे, बंद आणि जड असते. मग वेलीच्या घडासारखे ते रसाळ होत नाही, उलट वाळू लागते. कवच सुकते, आकसते, आणि चार-पाच शिवणींवर ताण येऊन ते उकलते. कापूस बाहेर येतो तो कवच सुकल्यामुळेच, आणि प्रत्येक पाकळीत सरकी, म्हणजे पुढचे बी, असते. गव्हाच्या दाण्याचा दाखला ज्यांना कळतो त्यांना हेही कळेल. टिळकांनी अभंगाचा खुंट तयार करून ठेवला आहे. वेचणीच्या दिवसांत गाता येईल असे बोंडाचे गीत विदर्भातल्या मराठी ख्रिस्ती कवींनी आता लिहायला हवे, आणि हंगामाच्या सणाला ते म्हटले जायला हवे.